मीठ-कोळशाची पुरचुंडी

तिसरी पुरचुंडी सापडली तेव्हा केराबाईनं ती हातानं उचलली नाही, चिमट्यानं उचलली. चुलीतले निखारे सारायचा चिमटा तो. काळपट फडक्यात बांधलेली, मुठीएवढी आणि ओलीगच्च. होडीच्या काठावर ठेवून तिनं ती काडीनं सोडली. आत तेच होतं. चार कोळसे, कडुलिंबाचा पाला आणि अर्धंमुर्धं विरघळलेलं खडेमीठ.

"बघा," ती म्हणाली, "आता तरी डोळं उघडून बघा. मीठ, कोळसा, लिंबाचा पाला. एवढं घालून कोन काय करतं, ते का मी सांगू?"

येडू, म्हणजे तिचा नवरा, फळ्यांच्या भिंतीला टेकून बसला होता. त्याची छाती सकाळपासून वाजत होती. एक वाक्य बोलायचं तर मध्ये दोनदा थांबावं लागत होतं.

"आगं, पैल्यापासनं पडलेलं असंल," तो म्हणाला.

"पैल्यापासनं? सोमवारी मी ही फळी उचलून खालनं सारवलंय. तवा न्हवती. काल बाजाराला गेल्ते, आज हाय. पाय फुटलं व्हय तिला?"

बायकोशी वाद घालायला दम लागतो, आणि दमाचीच तर त्याच्याकडे बोंब होती. केराबाईनं पुरचुंडी चिमट्यातच धरून लांब पाण्यात फेकली, तिच्यामागं तीनदा थुंकली आणि हात राखेनं घासून धुतले.

आता सांगोल्याकडची धनगराची बाई होडीत काय करते, ते सांगितलं पाहिजे. नाहीतर तुम्ही म्हणाल, हे काय भलतंच. बहात्तरच्या दुष्काळात यांची मेंढरं गेली. काही चाऱ्यावाचून गेली, काही येईल त्या भावानं कसायाकडं गेली. मग येडूनं भीमेवरच्या धरणाच्या कामावर हाती टिकाव धरला. सातवी शिकलेला, आकडे नीट वाचणारा माणूस, म्हणून मुकादमाच्या नजरेत भरला. पुढं धरणात पाणी अडलं, नदी मैलभर रुंद झाली, तेव्हा पाटबंधारे खात्यानं एका भोयाची जुनी शिडाची होडी विकत घेतली, तिच्यावर फळ्यांची बसकी खोली उभारली आणि येडूला तिच्यावर पहारेकरी नेमलं. पाण्यात उभ्या केलेल्या खांबांवरचे आकडे टिपायचे, साहेबलोकांना पलीकडं न्यायचं, आणि राहायचं होडीतच. पगारी नोकरी, वर राहायला घर. घर पाण्यावर होतं, एवढंच.

केराबाईला आधी बरंच वाटलं होतं. जिनं कोस-कोस हंडे वाहिले, तिच्या उंबऱ्याशी पाणी! पण आषाढ सरला आणि घर बिघडायला लागलं.

पहिल्यांदा घोंगडीवर आलं. बापानं लग्नात दिलेली काळी घोंगडी, तिच्या घडीत पांढरं पांढरं काहीतरी पसरलेलं, भस्म फासल्यासारखं. तिनं झटकलं, चार दिवसांनी पुन्हा आलं. मग कोपऱ्यातल्या फळ्यांवर काळे ठिपके उठले. मग बिरोबाच्या भंडाऱ्याची पिशवी उघडली, तर हळदीचे ओले गोळे झालेले आणि त्यांच्यावर पांढरी लव. बुरा लोणच्याला येतो, शिळ्या भाकरीला येतो, हे तिला ठाऊक होतं. पण तोही तिच्या मुलखात क्वचित, तिकडं भाकरी बुरा यायच्या आधी वाळून खापरी होते. देवाच्या भंडाऱ्याला आणि लाकडाला बुरा येतो, हे तिनं बापजन्मात पाहिलं नव्हतं. आणि श्रावणात येडूची छाती वाजू लागली.

करमाळ्याच्या डॉक्टरनं सुई टोचली, गोळ्या दिल्या आणि सांगितलं, गारठ्यापासून जपा. आपण होडीत राहतो, हे केराबाईनं त्याला सांगितलं नाही. त्यानंही विचारलं नाही. गारठ्यापासून जपा म्हणजे काय, हे तिला चांगलं ठाऊक होतं. तिच्या बापाचं ज्वारीचं पेव होतं, जमिनीत खणलेलं. त्याचं तोंड माती-शेणानं असं लिंपायचे की मुंगीला वाट मिळू नये. जितकं बंद तितकं कोरडं. पाच-पाच वर्षांची ज्वारी काढली तर कालची वाटायची. तेच तिनं इथं केलं. खोलीला पुढं एक आणि मागं एक अशा दोन झडपा होत्या, त्या लावल्या आणि त्यांच्या फटी शेणामातीनं लिंपल्या. तळाच्या फळ्या रोज सकाळी शेणाच्या सड्यानं सारवायला लागली, सोमवारी तर फळ्या उचलून खालूनसुद्धा. शेणासाठी काठावरून घमेली वाहायची. शीड बाहेर ठेवलं तर कुणी नेईल म्हणून तेही भिजलेलं तसंच गुंडाळून आत आणलं. धुतलेले कपडेसुद्धा आतच दोरीवर वाळत घातले. घर लखलखीत ठेवलं बाईनं. आणि तरी वास जाईना. कुबट, गोणपाट कुजल्यासारखा वास.

एवढं सगळं करून रोग हटत नाही म्हटल्यावर माणूस काय समजणार? कुणीतरी मागं लागलंय, हेच की. आणि ते कोण, हे शोधायला तिला लांब जावं लागलं नाही.

काठावर, होडी बांधायच्या बाभळीपासून पन्नास पावलांवर, कुडाचं एक खोपटं होतं. त्यात गुंडा भोई राहायचा. सत्तरीचा, वाळलेला, बोलायला महाग. होडी मूळची त्याची. स्वतःच्या हातानं बांधलेली. गाव धरणाच्या पाण्याखाली गेलं, होडी खात्यानं घेतली आणि नोकरी मिळाली येडूला, कारण गुंडाला अक्षर वाचता येत नव्हतं आणि वयही उलटलेलं. आता त्याच्याकडं उरली होती एक काहील. उसाचा रस आटवायची ती मोठी लोखंडी कढई, तीत बसून हातवल्ह्यानं तो मासे धरायचा. आणि दिवसभर खोपटाच्या तोंडाशी बसून या होडीकडं बघायचा. नुसता बघायचा. ज्याची वस्तू गेली तो असा एकटक का बघत बसेल, याचं उत्तर केराबाईनं केव्हाच काढून ठेवलं होतं.

अगदी पहिल्या दिवशी तो फळीवरून चालत दाराशी आला होता, हातात कसलंसं गाठोडं. "बाई, जरा बोलायचं व्हतं," म्हणाला. केराबाई तेव्हा बिरोबाचे टाक मांडत होती. "आत देव हायेत, म्हातारबा. मासं धरल्याला हात घिऊन उंबऱ्यावर चढू नका," असं तिनं फाडकन सांगितलं. म्हातारा आल्या पावली फिरला. तेव्हापासून त्यानं तोंड उघडलं नव्हतं.

"राग धरलाय त्यानं," केराबाई येडूला म्हणाली. "आपल्याला हितनं उठवायचं हाय त्याला. तुमची छाती का वाजती? तुमी हटला की होडी मोकळी."

"त्याला कशी मिळंल? त्याला लिवता येत न्हाय."

"मिळू न्हायतर नगं मिळू. आपल्याला न्हाय मिळाली तर दुसऱ्यालाबी नगं, अशी माणसं असत्यात."

येडूनं मान हलवली. हो की नाही, ते काही कळेना. त्याला दुसरीच चिंता होती. मागल्या खेपेला मल्लिकार्जुन साहेब येऊन गेले, सोलापूरहून जीपनं यायचे ते. येडूला खोकताना बघून त्यांनी कपाळाला आठी घातली होती. "छातीचा माणूस होडीवर चालायचा नाही हं. बघ बाबा," एवढंच म्हणाले होते. पण नोकरदाराला एवढं पुरतं. ही नोकरी गेली की मागं मेंढरं नव्हती, रान नव्हतं, काहीच नव्हतं. आणि केराबाईला तर नोकरीच्याही आधी तो आवाज ऐकू यायचा, नवऱ्याच्या छातीतला, चाळणीतून वारा जावा तसा. तो आवाज एक दिवस थांबेल आणि आपण बघत राहू, या भयानं ती रात्ररात्र त्याच्या उशाशी बसून राहायची.

पुढल्या बाजाराच्या दिवशी तिनं सापळा लावला. त्या दिवशी येडू आकड्यांची वही घेऊन मासेवाल्याच्या नावेतून पलीकडच्या कचेरीत जायचा आणि केराबाई करमाळ्याला. होडी तेवढीच काय ती रिकामी. निघताना तिनं उंबऱ्यावर राख चाळली, अगदी पिठाच्या चाळणीनं, एकसारखी. दाराला खालच्या अंगाला काळा दोरा बांधला. आणि झडपांचं लिंपण ताजं करून त्यावर आपल्या पाच बोटांचे ठसे उमटवून ठेवले. अशी बाई पोलिसात असती तर जिल्ह्यातल्या चोरांनी धंदा सोडला असता.

दुपारची एसटी धरून ती परत आली, फळीवर पाय ठेवला आणि थांबली. दोरा तुटलेला. राखेत पाऊल. सपाट, अनवाणी, अंगठा बाहेरच्या बाजूला वळलेला. असा अंगठा साऱ्या पंचक्रोशीत एकाचाच होता. आत गेली तर दोन्ही झडपा सताड उघड्या, तिच्या बोटांच्या ठशांसकट लिंपण खरवडून काढलेलं. शीड सोडून बाहेर उन्हात पसरलेलं. आणि तळाची फळी उचलून बघितली, तर कोपऱ्यात पुरचुंडी. या वेळी कोरडी, नवी, कडकडीत.

तिनं भांडी मोजली, पीठ चाचपलं, टाकांची डबी उघडली. काही गेलं नव्हतं. एक चमचासुद्धा नाही. चोर काही नेतो, हे समजतं. जो काही नेत नाही आणि उलट ठेवून जातो, त्याला काय म्हणायचं?

बाहेर बघितलं, तर गुंडा खोपटाच्या तोंडाशी बसलेला. तिच्याकडंच बघत होता. केराबाईनं त्याच्या डोळ्यांदेखत पुरचुंडी पाण्यात फेकली आणि दाणदाण दोन्ही झडपा लावल्या.

आठवड्यानं साहेबांची जीप आली. साहेब काठावरच खुर्ची टाकून वही बघत होते. येडू तोंडावर फडकं धरून खोकला दाबत उभा. केराबाई पदर खोचून पुढं झाली ती थेट साहेबांच्या समोर.

"सायेब, त्या गुंडा भोयाला हितनं घालवा. करणी करतोय आमच्यावर. मीठ-कोळसं पुरतोय होडीत. लिंबात टाचण्या खुपसताना मी ह्या डोळ्यानं बघितलंय."

लिंबू तिनं पाहिलं नव्हतं, टाचण्याही नाहीत. पण बोलताना ते आपोआप जिभेवर आलं, आणि आल्यावर तिला ते खरंच वाटलं.

साहेब हसले. "बाई, करणीबिरणी मी मानत नाही. सरकारी सामान काही गेलंय का, ते सांगा. मागच्या नोंदीत वीस हात दोर आहे, इथं बारा हातच दिसतो."

उरलेला आठ हात दोर खोलीत होता. तिनंच श्रावणात कापून कपडे वाळत घालायला बांधला होता. या घडीलाही त्यावर येडूचं ओलं धोतर लोंबत होतं. तिनं येडूकडं पाहिलं. येडूनं तिच्याकडं पाहिलं आणि मान खाली घातली. साहेबांपुढं हीच वेळ होती, पुन्हा यायची नव्हती.

"दोर त्यानंच नेला, सायेब," ती म्हणाली.

झालं. साहेबांनी काहीतरी लिहिलं. खोपटं तसंही खात्याच्या जागेत होतं. दुसऱ्या दिवशी चार मजूर आले आणि तासाभरात कूड मोडून बाभळीखाली ढीग घालून गेले. गुंडा बाजूला उभा राहून बघत होता. मग आपली भांडीकुंडी काहिलीत टाकून पलीकडच्या काठाला गेला. केराबाईनं त्या दिवशी देवाला गूळ-खोबरं दाखवलं.

पीडा टळली म्हणून ती वाट बघू लागली. एक आठवडा, दोन आठवडे. झडपा आता कुणी उघडत नव्हतं, लिंपण जसंच्या तसं राहत होतं. आणि बुरा नुसता मातला. घोंगडीवर आला, गोधडीवर आला, शिडाच्या घडीत काळा-हिरवा आला, येडूच्या पायताणात आला. तळाची फळी उचलली तर खालून बुळबुळीत. एवढंच काय, चुलीजवळच्या मिठाच्या मडक्याला पाणी सुटलं. केराबाईला समजेना. करणारा गेला, तर मग हे कोण करतंय?

तिचा संशय फिरू लागला. पीठ देणाऱ्या चक्कीवाल्यावर गेला, शेण देणाऱ्या गवळणीवर गेला. एक दिवस तर स्वतःच्या जावेवर जाऊन आला, जी बिचारी सांगोल्यात ऐंशी मैलांवर भाकऱ्या थापत होती. ज्याला कावीळ, त्याला जग पिवळं.

भाद्रपदातली भरदुपार. आभाळ दाटलेलं, बाहेर वारा चांगला सुटलेला. येडू आत पडला होता आणि एकाएकी उठून बसला. तोंड उघडं, डोळे मोठे, गळ्याच्या शिरा ताठ. श्वास आत जाईना. त्यानं हात उचलून पुढच्या झडपेकडं बोट केलं.

"नगं, नगं," केराबाई म्हणाली, "वारं लागंल. डाक्टर काय म्हनला?" आणि तिनं आणखी एक गोधडी त्याच्या खांद्यावर टाकली. ओली, कुबट गोधडी. चुलीत शेणी घातली, धूर कोंडला. येडू आता नुसती बोटं हलवत होता. केराबाई मोठ्यानं रडायला लागली, बिरोबाला हाका मारायला लागली, पण झडप तिनं उघडली नाही. लेकराला विहिरीपासून ओढावं, तसं ती त्याला वाऱ्यापासून ओढत होती.

होडीला काहीतरी लोखंडी थडकलं. मग दारावर लाथ बसली. गुंडा भोई आत वाकून आला. मोडक्या खोपटातले चार वासे न्यायला तो काहिलीतून या काठाला आला होता. पाण्यावरून त्याला तो आवाज ऐकू आला होता.

"सर बाजूला!" तो ओरडला.

त्यानं पुढची झडप लाथेनं उडवली, मागची खांद्यानं. वारा असा घुसला की चुलीची राख उडाली. म्हाताऱ्यानं येडूच्या काखेत हात घालून त्याला ओढत बाहेर नेलं, डोलकाठीला टेकवून ताठ बसवलं, गोधडी काढून पाण्यात भिरकावली. केराबाई मागं धावली. "मारताय व्हय त्येनला! वाऱ्यात!" तिनं म्हाताऱ्याच्या पाठीवर बुक्की मारली. दुसरीही मारली. तो हलला नाही.

"गप. ऐक जरा," तो म्हणाला.

तिनं ऐकलं. येडूच्या छातीत शिट्टी वाजत होती. मग जरा कमी झाली. बऱ्याच वेळानं येडूचे खांदे खाली आले. त्यानं एक पुरा श्वास घेतला, मग दुसरा, आणि डोळे मिटले.

गुंडा आत गेला आणि परत आला. हातात तळाची एक फळी होती. त्यानं ती पालथी करून तिच्या पुढ्यात टाकली. खाली पोपडे धरलेलं शेण, त्याच्यावर पांढरी बुरशी, बोटभर.

"हे कुनी केलं?" त्यानं विचारलं.

"सारवलंय मी. रोज सारवते."

"खालनं नदी पानी पाजती, वरनं तू पाजतीस. मग लाकूड वाळंल कवा? कापडं आत, शीड वलं आत, दोन्ही झडपा बुजवल्या. ही वल कुटनं जाईल, बाई? तुझ्या नवऱ्याच्या छातीत न्हाय तर कुटं?"

"आमच्यात पेव लिंपत्यात..." केराबाई पुटपुटली. तिला स्वतःलाच ते ऐकू आलं आणि ती थांबली.

"पेव कोरड्या जमिनीत असतंय. ही होडी हाय. होडीला वारं पायजे, ह्या झडपंतनं शिरून त्या झडपंतनं जानारं."

"आन मीठ? कोळसं?"

"मीठ वल पितंय. पिऊन पिऊन पानी होतंय, म्हनून दर आठवड्याला बदलायचं. कोळसा वास खातो. पाल्यानं किडा येत न्हाय." त्यानं हात झटकले. "पैल्या दिवशी तेच सांगाया आल्तो. तू उंबऱ्यावर चढू दिलं न्हाईस."

केराबाईला तो दिवस लख्ख आठवला. हातातलं गाठोडंही आठवलं. तिची मान वर होईना.

"मग... का केलंत? आमी तुमचं घर मोडलं."

म्हातारा काहिलीकडं निघाला होता. तो थांबला, पण वळला नाही.

"गाव बुडालं त्या साली मी आन फुला हितंच ऱ्हायलो. पावसाळाभर. तवा ही खोली न्हवती, ताडपत्री बांधलेली. पाऊस आत येऊ नये म्हनून मी चारी बाजूनं गच्च बांधली, लई हुशारीनं. फुलाची छाती अशीच वाजायची. दिवाळीला गेली." त्यानं काहिलीचा काठ धरून ती जवळ ओढली. "बाईल मेल्यावर मला अक्कल आली. खोपटात बसलो की ह्याच्या छातीचा आवाज यायचा मला. सहन व्हईना. तुझ्यासाटी न्हाय केलं. तुझा मला राग हाय."

तो काहिलीत उतरला. वासे त्यानं नेले नाहीत. वल्हं मारत गेला तो सरळ पलीकडं.

केराबाईनं त्या दिवशी सगळं बाहेर काढलं. फळ्या, शीड, घोंगडी, देवसुद्धा. शेणाचे पोपडे खुरप्यानं खरवडता खरवडता तिच्या नखांतून रक्त आलं. ती एकीकडं खरवडत होती आणि एकीकडं रडत होती. महिनाभर जिला शोधत होती ती चेटकीण सापडली होती. तिच्याच हातात शेणाचं घमेलं होतं.

दुसऱ्या दिवशी तिनं खोलीतला दोर सोडला. आठ हात. गुंडाळून काखेत मारला.

"कुटं निघालीस?" येडूनं विचारलं. आवाज क्षीण होता, पण वाक्य एका दमात पुरं झालं.

"सायबाकडं."

"केरा, नोकरी जाईल."

"जाऊ द्या," ती म्हणाली. "तुमी हायसा नव्हं? बास."

मासेवाल्याच्या नावेतून ती पलीकडं गेली; साहेब त्या दिवशी कचेरीत आले होते. तिनं दोर टेबलावर ठेवला, वहीच्या वरच. "हा दोर मी कापल्ता, सायेब. म्हाताऱ्यानं न्हाय. लिंबू-टाचन्याबी खोटं. काय लिवायचं ते आमच्या नावावर लिवा, पर त्याचं खोपटं त्याला द्या."

साहेबांनी दोर उचलून बाजूला ठेवला आणि वही मिटली. "बाई, तुमच्या एका शब्दावर मी माणसाला उठवला," ते म्हणाले. रागावून नाही, थकून म्हणाले. "आता खोपटं कुठून आणू? जा. येडूला सांगा, औषध घे म्हणावं." त्यांनी पुढं काय लिहिलं, की काहीच लिहिलं नाही, हे केराबाईला कधी कळलं नाही. नोकरी राहिली.

गुंडा मात्र राहिला नाही. कचेरीतून ती तडक तो उतरला होता त्या जागी गेली, तर तीन दगडांची गार चूल आणि काठावर पालथी घातलेली काहील. म्हातारा माढ्याकडं लेकीकडं गेला, असं एका मासेवाल्यानं सांगितलं. तिनं त्याच्या हातून निरोप धाडला, दुसऱ्याच्या हातून धाडला. मामा, चुकले, परत या, खोपटं आम्ही बांधून देतो. उत्तर आलं नाही.

कार्तिकात होडी खणखणीत वाळली. शीड उन्हात, कपडे बाहेर, दोन्ही झडपा दिवसभर उघड्या, कोपऱ्याकोपऱ्यात मीठ-कोळशाच्या पुरचुंड्या, आणि त्या बदलायचा दिवस बाजाराचा. भंडारा पुन्हा पिवळाधमक, मोकळा. येडू डोलकाठीवर चढून शिडाची दोरी ओढू लागला. काठावरच्या खोपटाच्या जागी त्यानं चार नवे वासे रोवले, कूडही घातला. आत कुणी नव्हतं.

अशाच एका बाजाराच्या दिवशी निघताना केराबाई उंबऱ्यावर घुटमळली. मग आत गेली आणि पुढची झडप मुद्दाम लावून घेतली. कोपऱ्यातली एक पुरचुंडी ओली झाली होती, ती तशीच ठेवली. आणि चाळणी घेऊन उंबऱ्यावर राख चाळली, अगदी एकसारखी.

बाजारात तिचं लक्ष लागलं नाही. दुपारची एसटी धरून ती परत आली. फळीवरून जवळजवळ पळतच गेली.

राख जशीच्या तशी होती. झडप लागलेली. पुरचुंडी ओलीच.

मागून येडू आला, वही काखेत, शीळ घालत. तिला उंबऱ्याशी बसलेली बघून म्हणाला, "काय गं? कोन आल्तं व्हय?"

"न्हाय वो," केराबाई म्हणाली. "कोनीबी आलं न्हाय." आणि पदर तोंडात धरून ती त्या राखेवरच हमसून हमसून रडली.